कानातलं गाणं हिसकावण्याआधी

चिखली, खामगाव, बुलढाण्याच्या शिकवणी वर्गांतून सुटलेली मुलं एसटीत बसली की आधी कानात इअरफोन घालतात. घरी पोचल्यावरही ते निघत नाहीत. मग आई ओरडते, वडील मोबाइल हिसकावतात. त्या क्षणी पोराच्या हातून नेमकं काय गेलं, याचा विचार मोठ्यांनी करायला हवा.

फिनलंडमधल्या सुवी सारिकालिओ आणि याक्को एर्किला यांनी किशोरवयीन मुलांशी सविस्तर बोलून 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. करमणूक, ताजंतवानं होणं, उत्कट अनुभव, मन दुसरीकडे वळवणं, रागदुःखाचा निचरा, घडलेल्या गोष्टींचा विचार आणि दिलासा, अशा सात कारणांसाठी मुलं गाण्याकडे वळतात, असं त्यांना आढळलं. आपल्या जिल्ह्यात यातल्या शेवटच्या तिन्हींची गरज फार मोठी आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे जाहीर झालेल्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यांत बुलढाणा होता. त्यानंतर जन्मलेली मुलंही सोयाबीनच्या भावाची आणि कर्जाची दबक्या आवाजातली बोलणी ऐकतच मोठी झाली. दहावीतल्या मुलीला सगळं कळतं, पण तिच्याशी कोणी बोलत नाही. ती रडली तर ‘नाटकं करते’, गप्प बसली तर ‘बाहेरचं काही लागलं’. मग ती ‘सॅड साँग’ लावते. त्यात तिचं काय चुकलं?

आपल्या पणज्याही याच वयात सासरी आल्या आणि जात्यावर ओव्या गात मोकळ्या झाल्या. पण खुंट्याला दुसरीचाही हात असे. समोर बसून ऐकणारी, पुढची ओळ जोडणारी कोणीतरी असे. इअरफोन लावलेल्या मुलीसमोर अशी कोणी नसते. सारिकालिओ यांच्या पुढच्या संशोधनातही हेच येतं: माणसांपासून तुटून, त्याच दुःखात घोळत राहण्यासाठी ऐकलेलं संगीत नैराश्याशी जोडलेलं दिसतं. म्हणून गाणं उदास आहे का, याची झडती घेऊ नये. ते संपल्यावर मूल जेवायला येतं का, मित्रांत जातं का, की आणखी मिटतं, याकडे लक्ष हवं. आणि कधीतरी शेजारी बसून म्हणावं, ‘काय ऐकतेस गं? मलाही ऐकव.’

गाण्याला अशी सोबत मिळवून देण्यात शाळांनीही हात झटकू नयेत. शंभराहून अधिक पट असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूचीच सांगते. पालकांनी पुढच्या सभेत शाळा व्यवस्थापन समितीला विचारावं, आमच्या शाळेत तो आहे का? आणि गाणी ऐकूनही मिटत चाललेल्या मुलांसाठी ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. तिथे मराठीत बोलता येतं.