साठीनंतरचा आठवडा

मॉर्मन मिशनरी म्हटलं की टाय लावलेले दोन तरुण आठवतात. पण त्यांच्यात निवृत्त जोडपीही असतात. सॅक्सनीतल्या फ्राइबर्गला त्यांचं मंदिर आहे. १९८५ साली, पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट असतानाच उघडलेलं. अशा ठिकाणी आजी-आजोबा सहा ते तेवीस महिने सेवेला येतात, तेही पदरमोड करून!

त्यांचा आठवडा पाहा. सोमवारी मंदिर बंद, म्हणून धुणी, बाजारहाट, नातवंडांना फोन. मग शनिवारपर्यंत मंदिरातल्या पाळ्या आणि मोडक्यातोडक्या जर्मनमधून गप्पा. रविवारी उपासना.

त्यांचा धर्म त्यांच्यापाशी. आम्हाला विचार पडतो तो आपल्या आई-बाबांचा. तीन महिन्यांच्या व्हिसावर ते येतात, आपण ऑफिसला गेलो की खिडकीतून ट्रॅम मोजत बसतात. "आता आराम करा," आपण प्रेमानंच म्हणतो. पण जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला आराम ही शिक्षाच की हो! मुलांचा मराठी वर्ग भरतो ना? पुढच्या वेळी त्यांना तिथं न्या. एक गोष्ट सांगू द्या, पाढे म्हणून घेऊ द्या. परत जाताना बॅगेत चॉकलेटं असतीलच. सोबत चार मुलांची नावंही जातील.