वीतभर पापलेट

चकल्या, करंज्या आणि लाडू यांचा चार दिवस यथेच्छ समाचार घेतला, की पाचव्या दिवशी मासे खाणाऱ्या घरांत एकच मागणी होते : "आता काहीतरी झणझणीत करा!" मग पिशवी निघते आणि पावले बाजाराकडे वळतात. या खेपेचे चार शब्द त्या पिशवीविषयीच.

ऋतू पाहून खरेदी करावी, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर रायगडात वाल पिकतो. म्हणून वालाच्या शेंगा थंडीतच खायच्या. अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्याच्या तोंडी माळा होऊन दारात यायचा. पावसात सुके बोंबील, सोडे, सुकट. श्रावणात तेही बंद, आणि नारळी पौर्णिमेला कोळ्यांनी दर्याला नारळ दिला की पुन्हा ताजी मासळी. पावसात दर्या खवळलेला असतो, आणि पुष्कळ माशांच्या विणीचे दिवसही तेच. आज जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात त्यामागेही हीच दोन कारणे आहेत.

परंतु काळाबरोबर मापही पाहायला हवे. ज्या पापलेटने सातपाटीसारख्या बंदराचे नाव घरोघर पोचवले, त्याला २०२३ साली महाराष्ट्राने 'राज्यमासा' केले. हा मान मिळाला तो पापलेट जाळ्यात कमी येऊ लागल्यावर! त्याच साली राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. याहून आखूड मासा धरायचा नाही. कारण उघड आहे. अंडी घालण्याआधीच मासा कढईत गेला, तर पुढच्या हंगामाला दर्यात काय उरणार?

आता बाजारात टेप घेऊन जा, असे मी म्हणत नाही. वीत आपल्या हाताशीच आहे. पापलेट किंवा बोंबील वीतभर भरला, तर निर्धास्त घ्यावा. सुरमईला दोन विती लावाव्या.

अडचण येते ती भावाची. एका मोठ्या पापलेटच्या पैशात पिल्लांचा भरगच्च वाटा मिळतो. कोळीणही आर्जवाने म्हणते, "ताई, कोवळी हायत, घेऊन तर बघा!" तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. संध्याकाळच्या आत पाटी रिकामी करायची, यावर तिची चूल चालते. आपण तिला एवढेच विचारावे, "आज लहान मासळीत ताजे काय आहे?" मांदेली आहे, तारली आहे. यांची जातच लहान. एवढीशी दिसली तरी पूर्ण वाढलेली असते. पापलेटचे पिल्लू लहान असते ते त्याला वाढू दिलेले नाही म्हणून. हा फरक ध्यानात आला, की पैसेही वाचतात आणि वाटाही भरगच्च मिळतो.

"माझ्या एकटीच्या चार पापलेटांनी समुद्र का ओस पडणार आहे?" असे एखादी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण कोळीण सरकारी पत्रक वाचून माल उचलत नाही. काल पाटीत काय उरले ते पाहून उचलते. पिल्ले रोज उरू लागली, तर लिलावात त्यांना भाव येणार नाही, आणि भाव नाही म्हटल्यावर बारीक आसाचे जाळे टाकण्याचा मोहही ओसरेल. कायद्याचा अंमलदार प्रत्येक होडीवर जाऊन उभा राहू शकत नाही. पाटीपुढे मात्र आपण रोज उभ्या असतो.

तेव्हा यंदा फराळाचे डबे रिकामे झाल्यावर बाजारात जाल, तेव्हा वीत लावून पाहा. पापलेट भरला नाही, तर सरळ बांगडे घ्या. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीपुढे पापलेटची आठवण काढील असा पाहुणा विरळाच!