तिसऱ्या रिंगला

डेडलाइनच्या दिवशी आईचा फोन आला की मी ‘काय गं?’ म्हणून खेकसते. मागच्या आठवड्यात तशीच खेकसले आणि तिने मुकाट्याने फोन ठेवला. बाबांच्या अँजिओग्राफीची तारीख सांगायची होती तिला. ती मला दादाकडून कळली.

फोन वाजला की लगेच उचलू नका, आधी श्वासाकडे लक्ष द्या, असं थिक न्हात हान हे व्हिएतनामी भिक्खू सांगायचे. (मेल वाचताना आपण नकळत श्वास रोखतो म्हणे. लिंडा स्टोनने २००८मध्ये त्याला ‘ईमेल ॲप्निया’ असं नावच दिलं. मी तर एडिटरचं नाव दिसलं तरी रोखते!)

आता दोन रिंग जाऊ देते. नाकाने श्वास आत, मग त्याहून सावकाश बाहेर. सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्यामुळे खरी गंमत सोडण्यात आहे. मांडी घालून बसायची गरज नाही, विरार फास्टमध्ये उभ्या उभ्याही होतं. दर वेळी आठवतंच असं मात्र नाही.

काल आठवलं. तिसऱ्या रिंगला उचलला. ‘बोल गं आई.’

‘एवढी हळू का बोलतेस? बरं नाहीये का तुला?’