दात नातीचे, मालकी कुणाची?

मंडळी, आज जरा रागातच लिहायला बसलोय.

आमच्या नातीच्या दातांना दीड वर्षापूर्वी नागपुरातच तारा बसवल्या. तेव्हा एक्स-रे काढले, फोटो काढले, तोंडात गुलाबी लगदा दाबून माप घेतलं आणि त्यावरून प्लास्टरची मॉडेल केली. प्रत्येकाचे पैसे वेगळे मोजले. आता मुलाची पुण्याला बदली झाली. तिथल्या डॉक्टरांनी साहजिकच विचारलं, "आधीचं रेकॉर्ड कुठे आहे?" म्हणून मी गांधीबागेतून रिक्षा करून दवाखान्यात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, ते आम्ही पेशंटला देत नसतो." दुसऱ्या खेपेला डॉक्टरच म्हणाले, "रेकॉर्ड दवाखान्याचं असतं. पुण्याला नवीन काढतील की!"

हे 'नवीन काढतील' मला झोंबलं. एक्स-रे निघेल नवीन; पोरीच्या अंगावर पुन्हा किरणं, बापाच्या खिशाला पुन्हा चाट. पण मॉडेलचं काय? दीड वर्षात दात सरकलेत. सरकावेत म्हणूनच तर तारा बसवल्या! सुरुवातीला दात कसे होते, ते दाखवणारं मॉडेल फक्त त्या दवाखान्याच्या कपाटात आहे. ते आता कुणालाच नव्याने करता येणार नाही.

मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. बदली झाली की पालक दाखला न्यायला यायचे. जनरल रजिस्टर शाळेचं, ते कधी बाहेर गेलं नाही; पण त्यातली मुलाची नोंद दाखल्यावर उतरवून सही-शिक्क्यानिशी द्यायचो. 'नव्या शाळेत पुन्हा पहिलीत बसवा' असं म्हटलं असतं तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर दाखला ताबडतोब देणं बंधनकारकच केलं. उशीर केला तर मुख्याध्यापकावर कारवाई. मग मास्तरला एक न्याय आणि डॉक्टरला दुसरा?

खरं तर डॉक्टरांसाठीही न्याय झालेला आहे. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात सांगितलं, की रुग्णाने केसपेपरच्या प्रती मागितल्या तर गुप्ततेची सबब चालणार नाही. नेहमीचं शुल्क घ्या आणि द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत तर त्यासाठी ७२ तासांची मुदत आहे. दातांच्या डॉक्टरांची आचारसंहिता वेगळी, २०१४ ची. पण दात काय शरीराबाहेर असतात?

डॉक्टरांची बाजूही मला कळते. उद्या कुणी ग्राहक आयोगात गेलं तर त्यांच्या हाती पुरावा हवा. जरूर ठेवा! मूळ तुमच्याकडेच राहू द्या, आम्हाला प्रत द्या. कागदाची झेरॉक्स होते, डिजिटल एक्स-रे ईमेलने जातो, मॉडेलचंही माप घेऊन दुसरं मॉडेल ओतता येतं. खर्च आम्ही देऊ. आमच्या गांधीबागेतल्या कुठल्याही कापड व्यापाऱ्याला विचारा: वही दुकानात राहते, बिल गिऱ्हाइकाच्या हातात जातं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आज सकाळी लेखी अर्ज देऊन आलो. एक्स-रे, फोटो, मॉडेल, तिन्हींच्या प्रती मागितल्या आणि ७२ तासांचीच मुदत लिहिली. पोच द्यायला ती मुलगी कचरत होती. मी खुर्चीत बसून राहिलो. पाऊण तासाने तारखेसह शिक्का मिळाला.

तुमच्या घरी कुणाला तारा बसणार असतील, तर माप घेतात त्याच दिवशी प्रत मागून ठेवा. असा अनुभव कुणाला आला असेल तर जरूर कळवा.

आणि चिरंजीव, हे वाचत असशील तर पुण्याला नवीन एक्स-रेची घाई करू नकोस. तीन दिवस थांब. मी चौथ्या दिवशी पुन्हा जाणार आहे.