‘बरं’ म्हणजे ‘हो’ नव्हे

परवा माझी भाची एक कागद घेऊन आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं, हे तिचं रोजचं काम. “मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना, मग एवढं मराठी नीट करून द्या,” म्हणाली. कागदावर डझनभर इंग्रजी विधानं होती आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी. ‘पूर्ण मान्य’पासून ‘अजिबात अमान्य’पर्यंत. आजारातून उठलेला माणूस स्वतःची बाजू स्वतः किती मांडू शकतो, याचं माप त्यातून काढायचं होतं.

कागद चांगला होता. तरी तीन दिवस माझ्या हातून एक ओळ उतरली नाही. मला सारखा एक म्हातारा आठवत होता.

1996 सालची गोष्ट. सिंदेवाही-मूलच्या धानपट्ट्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. सोमवारी दुपारी एक तरुण शेतकरी आपल्या बापाला खांद्याचा आधार देत घेऊन आला. म्हाताऱ्याचा उजवा हात लोंबत होता, तोंड किंचित वाकडं झालं होतं. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला, असं मुलगाच म्हणाला. बापाच्या नावावरची मुदत ठेव मोडायची होती. मी म्हाताऱ्याकडे वाकून जरा मोठ्याने विचारलं (लकवा झालेला माणूस बहिरा असतो, असं आपण का धरून चालतो कोण जाणे), “बाबाजी, ठेव मोडायची ना?”

“बरं,” तो म्हणाला.

“पैसे मुलाजवळ देऊ?”

“बरं.”

ठेवीची पावती त्याने डाव्या हातात धरली होती. मागच्या बाजूला रेव्हेन्यू स्टॅम्पवर अंगठा घ्यायचा म्हणून मी ती मागितली, पण ती सुटेना. मुलगा हसला, “लकव्यानं हात आखडते साहेब,” म्हणाला आणि एकेक बोट हळूच सोडवून त्याने पावती माझ्यापुढे ठेवली. मग अंगठा झाला. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा, हाताचा नसेल तर पायाचा ठसा घ्यावा, त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार असावेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असा नियम आहे. तो अधिकारी मीच होतो. कागदपत्रांत कुठेही चूक नव्हती. पुढच्या तपासणीत ते प्रकरण कोणाच्या नजरेतही आलं नाही.

आठ दिवसांनी त्याची बायको आली. नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात रिकामी पिशवी. ती ठेव लेकीची होती, म्हणजे लेकीसाठी ठेवलेली होती. मी म्हटलं, “पण काकू, मी त्यांना दोनदा विचारलं. ते बरं म्हणाले.” बाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “साहेब, त्यायले पाणी पाहिजे असन तरी ते बरंच म्हणतेत. लकवा मारला तवापासून तेवढाच शब्द रायला.”

उजव्या अंगावरून वारं गेलं, तर इजा मेंदूच्या डाव्या भागाला झालेली असते, आणि बहुतेक माणसांची भाषा तिथेच असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डॉक्टर या अवस्थेला अफेझिया म्हणतात. माणसाला समजतं बरंच, पण शब्द सापडत नाही. काहींच्या तोंडी एखादाच शब्द उरतो आणि वाटेल त्या प्रश्नाला तोच बाहेर पडतो. कोणाचा तो ‘नाही’ असतो, कोणाची शिवी असते. या म्हाताऱ्याचा ‘बरं’ होता. आणि आखडलेला हात उजवा होता. पावती डाव्या हातात होती. तो हात धड होता! हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस आणि एक बाई लागली.

आता त्या कागदाकडे येतो. लकव्यातून सुधारणा मोजायचं जगातलं एक जुनं माप म्हणजे बार्थेल निर्देशांक. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींनी तो 1965 साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, चालणं, जिने चढणं अशी दहा कामं आणि एकूण गुण शंभर. फार उपयोगी माप आहे, भाचीही ते रोज वापरते. मात्र त्या दहात बोलण्याला एकही गुण नाही. म्हणजे तो म्हातारा वर्षभरात शंभरपैकी शंभर मिळवून पुन्हा माझ्या काउंटरवर आला असता, आणि मी पुन्हा त्याची ठेव मोडली असती.

ही उणीव अनेकांच्या लक्षात आली, म्हणूनच नवी मापं निघाली. 1999 साली ब्रॅशर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या स्वतःची बाजू मांडण्याचं बारा विधानांचं एक माप तयार केलं, तेही एचआयव्ही-एड्सच्या रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून. त्यात तीन गोष्टी पाहतात: रुग्ण आपल्या आजाराची माहिती मिळवतो का, डॉक्टरांपुढे ठामपणे बोलतो का, आणि पटलं नाही तर विचारपूर्वक सल्ला बाजूला ठेवतो का. भाचीचा कागद याच वळणाचा होता. अमेरिकेत तेव्हा एड्सचे रुग्ण औषधांसाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांना हे माप शोभतं.

आमच्याकडे काय होईल? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 86 गावांत 2011 ते 2013 या काळातल्या प्रत्येक मृत्यूचा शोध घेतला. डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी 2015 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. सातांतला एक मृत्यू लकव्याने झालेला होता. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिला! जंगलातला माणूस मलेरियाने नि जुलाबाने मरतो, ही आमची समजूत तिथे मोडली. आणि जे वाचतात ते घरी येतात, ओसरीवरच्या खाटेवर. मुख्य कारण रक्तदाब. त्याची गोळी ‘आता बरं वाटते’ म्हणून बंद करणारे, गावठी कबुतराच्या रक्ताने मालिश करून घेणारे आमच्याकडे थोडे नाहीत. त्या मापाचा तिसरा भाग असाच्या असा लावला, तर यांतल्या कितीतरी जणांना भरघोस गुण मिळतील. उलट ‘साहेब म्हणतील तसं’ म्हणणारा नापास होईल. खरं तर तसं म्हणणं इथली रीत आहे. तसं म्हणून माणूस घरी जाऊन आपल्या मनाचंच करतो.

भाषेचं तर विचारूच नका. भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. माझं पुणेरी वळणाचं मराठी भाषांतर तिथे नेलं, तर आधी माणसाच्या मराठीची परीक्षा होईल, मग आजाराची. आणि ज्याला शब्दच सापडत नाही त्याचा कागद भरणार कोण? मुलगा. बाप स्वतःची बाजू किती मांडतो हे बापाच्या वतीने मुलगा सांगणार!

मुलाला मी खलनायक करत नाही. बापाचं हगणं-मुतणं तो काढत होता, शेती पाहत होता, आणि ते पैसे ट्रॅक्टरच्या थकलेल्या हप्त्यात गेले होते. घराचे निर्णय घरात मिळून होतात, तेही खरं. आणि बाईला लकवा झाला तर? जिला सत्तर वर्षांत कोणी काही विचारलंच नाही, तिचे कमी पडलेले गुण लकव्याच्या खात्यावर टाकायचे की आपल्या?

बाई येऊन गेल्यावर पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो होतो. का गेलो, ते नीट सांगता येत नाही. पैसे तर परत येणार नव्हते. बाईने भिंतीवरचे दोन फोटो काढून खाटेवर ठेवले, एक लेकीच्या लग्नातला, एक मुलाचा. मधोमध माझ्याकडून मागून घेतलेली दहाची नोट ठेवली. आणि ती गप्प बसली. मीच दोनदा बोलायला गेलो, तर तिने हाताने थांबवलं. बराच वेळ गेला. मग म्हाताऱ्याने डाव्या हाताने नोट सरकवली, लेकीच्या फोटोवर नेऊन ठेवली. तिने फोटोंच्या जागा बदलून पुन्हा विचारलं. नोट पुन्हा लेकीवरच गेली. चित्रं दाखवणं, वाट पाहणं, प्रश्न उलटा करून पडताळणं हे सगळं वाचा-उपचार तज्ज्ञ शिकवतात. या बाईला ते कोणी शिकवलेलं नव्हतं.

दिव्यांग हक्कांचा 2016चा कायदा अफेझियाला नावानिशी ओळखतो, आणि अपंग माणसाला मालमत्ता व पैशाचे व्यवहार इतरांच्या बरोबरीने स्वतः सांभाळायचा हक्क देतो. माझ्या बँकेच्या नियमाला मात्र ठसा याच माणसाचा आहे, एवढंच कळत होतं. त्याच्या मनात काय आहे, हे कळायला बाईसारखं थांबावं लागतं.

म्हणून भाचीला कागद परत देताना मी भाषांतर अर्धवटच ठेवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार प्रश्न लिहिले. प्रश्न कोणाकडे पाहून विचारला? उत्तरासाठी किती वेळ थांबलात? उलटा प्रश्न विचारून पाहिलात का? पासबुक कोणाच्या हातात होतं?

तिने वाचलं, मान हलवली. “मामा, पण यात रुग्णाला गुण कुठे द्यायचे? हे तर सगळे विचारणाऱ्याचे प्रश्न झाले.”

“हो,” मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. शनिवारी सावली तालुक्यात तिचे दोन रुग्ण आहेत, त्यांतल्या एकाला अजून शब्द फुटलेला नाही. येता का, म्हणून विचारत होती. जाईन म्हणतो.