गावरान कोंबडीचा वंश आणि बाजाराचा न्याय

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग ज्या आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात, तेथील खाणावळींच्या फलकांवर 'गावरान' हा शब्द ठळक अक्षरांत झळकत असतो. शहरातील ग्राहक त्या एका शब्दासाठी ब्रॉयलरपेक्षा कितीतरी अधिक दाम मोजावयास तयार असतो. मागणी वाढली आणि भाव चढला, की उत्पादक त्या मालाची अधिक काळजीने जोपासना करतो, असे अर्थशास्त्राचे प्राथमिक पुस्तक सांगते. गावरान कोंबडीच्या बाबतीत नेमके उलट घडण्याचा संभव आहे, आणि त्याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात नसून बाजाराच्या रचनेत आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम पट्ट्यात घरटी पाच-दहा कोंबड्या असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. त्यांचा सांभाळ घरातील स्त्री करते आणि त्यांतून येणारा पैसाही बहुधा तिच्याच हाती राहतो. (बिबट्याने किती नेल्या, हा जुन्नरातला हिशेब वेगळाच!) आखाड आला की गिऱ्हाईक दारात येते. ते कोणता कोंबडा मागते? अर्थात सर्वांत भरदार, उंच मानेचा, लवकर वाढलेला. तो विकला जातो. मागे राहतो तो किरकोळ, आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो. हलके नाणे चलनात राहते आणि खरे नाणे चलनातून निघून जाते, हा ग्रेशमचा नियम येथे खुराड्यात लागू पडतो. शास्त्रज्ञ ज्याला निवड पद्धतीचे पैदास-कार्य म्हणतात, ते आपणही पिढ्यान्‌पिढ्या करीत आहोत. फक्त उलट्या दिशेने.

दुसरा दोष रक्तसंबंधाचा. एक कोंबडा व दहा कोंबड्या एवढाच कळप बाहेरचे रक्त न येता वाढू दिला, तर आनुवंशिकतेच्या गणिताप्रमाणे एका पिढीत अंतर्गत पैदाशीचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. अंडी कमी फळतात, पिल्ले मरतात, आणि दोष हवेला दिला जातो. चार घरांनी मिळून चार कोंबडे व चाळीस कोंबड्या एक कळप मानला, तर हेच प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आत येते. यासाठी एका पैशाचीही गुंतवणूक लागत नाही. लागतो तो शेजाऱ्यांमधील करार.

सरकारी यंत्रणेचे उत्तर आजवर निराळे राहिले आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज किंवा बंगळूरची गिरिराज यांसारख्या सुधारित पक्ष्यांची पिल्ले परसात नेऊन सोडावयाची. या पक्ष्यांनी गरीब घरात अंडी आणि मांस वाढविले, हे मान्य केलेच पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटी कुक्कुटांपैकी जवळपास ३२ कोटी परसातील होते आणि २०१२ च्या तुलनेत ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. तथापि संकरित पक्ष्याचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत. म्हणजे दर खेपेस पिल्ले पुन्हा उबवणी केंद्रातूनच आणावयाची. जिच्याकडे स्वतःचे बियाणे होते, ती स्त्री गिऱ्हाईक बनते.

येथे खुडूक होण्याचा प्रश्न येतो. कारखानदारी पैदाशीने खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केला, म्हणूनच पिंजऱ्यातील कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावरान कोंबडी पन्नास-साठ अंड्यांवर थांबते. परंतु जेथे उबवणी यंत्र नाही तेथे खुडूक कोंबडी हेच यंत्र आहे, आणि घारीची सावली पडताच पिल्लांना पंखांखाली घेणारी राखणदारही तीच. तेव्हा परसातील सुधारणेचे लक्ष्य तीनशे अंडी हे असू शकत नाही. कोंबडीने अंडी काही अधिक द्यावीत, पिल्ले अधिक जगवावीत, नर लवकर वजनाला यावेत, एवढेच पुरे. त्यातही अंड्यांचा गुण वजनाच्या गुणाइतका सहज वंशात उतरत नाही; म्हणून कोंबडा निवडताना त्याच्या अंगाइतकीच त्याच्या आईची आणि बहिणींची नोंदवही पाहावी लागते.

मग चांगला कोंबडा राखावयाचा कोणी? तो एका दारात बांधून राहत नाही. त्याच्या वंशाचा लाभ साऱ्या आळीला होतो आणि न विकल्याचा तोटा मात्र एका घराला. जेथे लाभ सर्वांचा आणि खर्च एकाचा, तेथे बाजार हतबल असतो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. गाईंसाठी गावाने पोळ सोडण्याची चाल त्यातूनच आली. कोंबड्यासाठी तशी व्यवस्था महिला बचत गटाने का करू नये? आखाडात जी किंमत आली असती ती मालकिणीला द्यावी, पायात कडे घालून कोंबडा वर्षभर राखावा आणि नंतर शेजारच्या गावाशी बदलावा. मानमोडीची लसही गटानेच आणावी, कारण तिची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची मिळते आणि दहा कोंबड्यांसाठी ती कोणी फोडीत नाही. लसीवाचून निवडीला अर्थ नाही. रोगाने अर्धा कळप गेला की जे वाचेल तेच पैदाशीला ठेवावे लागते.

झटपट श्रीमंतीचा मार्ग म्हणून मात्र याकडे पाहू नये. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इकडे इस्लामपूरच्या एका कंपनीने खरेदीची हमी देऊन शेतकऱ्यांना कडकनाथ पाळावयास लावले आणि २०१९ मध्ये तो डोलारा कोसळला. फ्रान्समधील ब्रेस कोंबडीला १९५७ साली कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यामागे पैदासकारांचे दीर्घ परिश्रम होते. आपल्या राज्यात नंदुरबारकडील बुसरा ही नोंदणीकृत जात आहे. तिच्याच मुलखात, नवापूरला, २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील पक्षी मारावे लागले. वंश एकाच खोऱ्यात असण्याचा धोका त्यावरून कळावा. जुन्नर-आंबेगावच्या कोंबडीला तर असे नोंदणीतले नावही नाही. पंचायत समितीने पिल्ले वाटपाच्या खर्चातील थोडा भाग पाच-सहा गावांतील कोंबडे राखण्यासाठी वळविला, तर त्याचा निकाल दोन-तीन वर्षांत वजनकाट्यावर दिसू शकेल. मात्र ही निवड ज्येष्ठातच झाली पाहिजे, गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वी.