खांद्यावरचा आणि खुर्चीवरचा

माझे एक भाषाभिमानी स्नेही आहेत. यंदा आमच्या वसाहतीत एका वृद्ध शाळामास्तरांचा सत्कार झाला, त्यात मीही चार शब्द बोललो. बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो की, "पावसात भिजून आलेल्या आम्हा पोरांची डोकी मास्तर स्वतःच्या टॉवेलाने पुसत असत." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या स्नेह्यांच्या कपाळावर मात्र आठी आली. पेढा तोंडात टाकता टाकता ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाषण उत्तम. तेवढा टॉवेल खटकला. मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडला आहे?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एका चिठोऱ्यावर पर्यायी शब्दांची यादीच पाठवून दिली: अंगपुसणे, अंगवस्त्र, पंचा, उपरणे.

त्यांना तोंडी उत्तर देण्याची माझी छाती झाली नाही. आता दिवाळीच्या अंकाचे निमित्त मिळाले आहे, तेव्हा लेखी देतो. वाचकांनी पंच व्हावे. फराळाचे ताट पुढे असताना माणूस बराच न्यायी असतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम त्यांच्या यादीविषयी. मास्तर आमची डोकी 'अंगवस्त्राने' पुसत, असे मी भर सभेत म्हटले असते, तर त्या सत्शील माणसाच्या चारित्र्याविषयी मागच्या रांगांत भलतीच कुजबुज झाली असती. उपरण्याने कोणी ओली डोकी पुसत नाही. ते समारंभाचे वस्त्र. अंगपुसणे हा शब्द चांगला आहे, पण तो मी माझ्या आजीनंतर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. उरला पंचा. त्याच्याविषयी मला पुष्कळ बोलायचे आहे, म्हणून तो तूर्त वाळत घालतो.

टॉवेल परका आहे, हे मी कबूल करतो. इंग्रजांनी तो शब्द जुन्या फ्रेंचांकडून घेतला आणि त्याच्याही मागे 'धुणे' या अर्थाचे एक जुने जर्मानिक मूळ आहे, असे पंडित सांगतात. म्हणजे जिच्या नावाने आज आपण अंग कोरडे करतो ती वस्तू मुळात पाण्याचीच लेक. पोर्तुगीजांनीही तोच शब्द आपल्या तोंडाला बसवला आणि गलबतातून इकडे आणला. हिंदीतला तौलिया, बंगालीतला तोयाले आणि गोव्याच्या कोकणीतला तुवालो ही त्याचीच पिलावळ. माझे लहानपण सोलापुरात गेले. तिथे आमच्या शेजारच्या तेलुगू घरात तुव्वालु म्हणत. इतक्या घरांत ज्याची ऊठबस, त्याला एकट्या मराठीने दारात अडवायचे कारण काय?

आणि अडवायला आता उशीरही झाला आहे. मराठी मुलखात या शब्दाने जे कष्ट उपसले, ते पाहा. खेड्यात तो टॉवेलही राहिला नाही, 'टावेल' झाला. शेतकऱ्याच्या खांद्यावर तो दिवसभर असतो. ऊन चढले की डोक्याला गुंडाळायचा, घाम आला की तोंड पुसायचे, झाडाखाली आडवे व्हायचे तर अंथरायचा, ओझे उचलायचे तर पीळ देऊन त्याचीच चुंबळ करायची. गुरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक त्याच्याच आड बोटे दाबून हजारांचा सौदा करतात आणि भोवतालच्यांना आकडा कळत नाही. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून आजवर खिडकीतून टाकलेल्या टॉवेलाने जितक्या जागा मिळवून दिल्या, तितक्या रांगेने दिल्या नसतील. बाकावर टॉवेल पडला की ती जागा धरली गेली, हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. पण तो मोडणाऱ्याशी सारी गाडी भांडते.

आणि टॉवेल-टोपी? लग्नात व्याह्यांना, मामांना, भावकीतल्या जाणत्यांना मानाची टॉवेल-टोपी दिल्याखेरीज आपल्याकडे मांडव उतरत नाही. ती न मिळाल्यामुळे दहा दहा वर्षे रुसून बसलेले काका मी पाहिले आहेत. तो आहेराचा टॉवेल कसा असतो, हे वाचक जाणतातच. हातभर लांब, खळीने कडक, पाणी टिपण्याऐवजी ते अंगभर पसरवणारा. तो कोणी वापरत नाही. या लग्नातून त्या लग्नात फिरत राहतो. पण ज्या शब्दावाचून मराठी माणसाचा मान पुरा होत नाही, तो शब्द परका कसा? माझ्या स्नेह्यांनी आधी एखाद्या रुसलेल्या काकांना 'अंगपुसणे-टोपी' देऊन पाहावी.

इथवर मी जिंकलो, असे वाचकांना वाटत असेल. पण खरे भांडण आता सुरू होते, आणि ते माझ्या स्नेह्यांशी नाही.

पंचा आता दोरीवरून काढतो. पंचा म्हणजे पाच हात लांबीचे वस्त्र, अशी त्या शब्दाची फोड करतात. पातळ, साध्या विणीचा, काठाला एखादी बारीक रेघ. पंचा आणि टॉवेल ही एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत, हे माझ्या स्नेह्यांच्या ध्यानात आलेले नाही. टॉवेल पुसायला उत्तम. पण तो नेसता येत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तो वाळत नाही. आषाढात कोकणात किंवा मुंबईत राहून पाहा. जाडजूड टॉवेल तीन तीन दिवस दोरीवर लोंबतो आणि त्याला असा काही वास येतो की आंघोळ केल्याचा पश्चात्ताप व्हावा. पंचा सकाळी पिळून टाकावा, दुपारी कोरडा. नरकचतुर्दशीला अंगाचे तेल-उटणे टिपायला आई पंचाच घेत असे. तेलकट झाला तर सोड्याच्या पाण्यात उकळला की पुन्हा पांढरा. टॉवेलाने एकदा तेल प्यायले की ते तो जन्मभर विसरत नाही.

असे असताना पंचा गेला कुठे? तो निरुपयोगी ठरला म्हणून गेला नाही. त्याची आपल्याला लाज वाटू लागली, म्हणून गेला. आपण टॉवेल हा शब्द घेतला त्यात काही बिघडले नाही. पण त्या शब्दाबरोबर एक पायरीही घेतली आणि पंच्याला खालच्या पायरीवर उभे केले. टॉवेल शिकलेल्याचा, पंचा अडाण्याचा. टॉवेल न्हाणीघरात, पंचा फरशी पुसायला. 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुरेत गांधीजींनी अंगावरचे बाकीचे कपडे टाकून पंचा पत्करला आणि 1931 साली त्याच वेषात ते इंग्रजांच्या राजवाड्यात राजाला भेटून आले. पंचा राजवाड्यात शिरला. आमच्या दिवाणखान्यात मात्र त्याला मज्जाव.

आणि आता खुद्द टॉवेलाचेही दोन वर्ग पडले आहेत. एक खांद्यावरचा, दुसरा खुर्चीवरचा. कोणत्याही कचेरीत जा. कारकुनाची खुर्ची उघडी. साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर मात्र पांढराशुभ्र टॉवेल. साहेब काही तिथे आंघोळ करीत नाहीत. पंखा, क्वचित थंड हवेचे यंत्रही असते. घाम यायचा तो बाहेर रांगेत उभे असलेल्यांना. तरी टॉवेल साहेबाला. ते वस्त्र पुसण्यासाठी नसते, पायरी दाखवण्यासाठी असते. चोपदार गेले, छत्रचामरे गेली, टॉवेल राहिला.

हे मी एवढ्या तावातावाने का लिहितो, त्याचे कारण सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणत. सोलापूरच्या चादरीइतकाच तिथला टेरी टॉवेल नावाजलेला. त्या दोहोंना पुढे भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदही मिळाली. फासांचे हे विणकाम मूळचे तुर्कांचे. हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रजाने ते तिकडे पाहिले, त्याच्या घराण्याच्या गिरणीत ते यंत्रावर बसवले गेले आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले. म्हणून तर आपण 'टर्किश टॉवेल' म्हणतो. सोलापुरात हा व्यवसाय मोठा केला तो मुख्यत्वे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. अण्णा त्यांच्यातच काम शिकले. त्यात दोन ताणे असतात, एक ताठ, एक सैल. आडवे दोन धागे जरा मागे ठेवायचे, तिसरा आला की तिन्ही एकदम फणीने पुढे ठोकायचे. ताठ ताणा जागेवर राहतो आणि सैल ताण्याचे फास वर उभे राहतात. तेच फास पाणी पितात. अण्णांना हे सांगताना माझ्यापेक्षा कमी शब्द लागत. ते नुसता अंगठा फिरवून दाखवीत.

तीस वर्षे टॉवेल विणूनही त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर कायम पंचाच असे. कोणी विचारले तर म्हणत, "टॉवेल विकायचा, पंचा वापरायचा."

हात थकल्यावर ते माझ्याकडे पुण्यास आले. त्यांच्या कसल्याशा थकलेल्या पैशांसाठी आम्ही दोघे एका कचेरीत गेलो. मे महिना होता. अण्णांनी घाम पुसला, पंचा ओला झाला, तो त्यांनी सवयीने समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पसरला आणि ते टेकले. लगेच शिपाई धावून आला. "ओ आजोबा, घर आहे का हे? उचला ते फडके."

साहेब चहाला गेले होते. त्यांच्या खुर्चीवर टॉवेल होता. अण्णांनी तिकडे पाहिले. पंचा उचलून ते उठले, दोन पावले पुढे गेले आणि त्या टॉवेलाचे टोक त्यांनी अंगठा नि बोट यांत धरून चोळून पाहिले. मला म्हणाले, "आपल्याच गावचा दिसतोय. काठाला फास ओढले गेलेत बघ, फणी नीट बसलेली नाही." शिपाई ओरडला, "साहेबांच्या टॉवेलाला हात लावू नका!"

ज्याने जन्मभर तेच विणले, त्याला हात लावू नका म्हणून सांगितले गेले. आणि त्या क्षणी मी काय केले? वाचकहो, मी शिपायाला एक अक्षर बोललो नाही. मी अण्णांच्या कानाशी लागून म्हणालो, "अण्णा, तो पंचा पिशवीत ठेवा."

त्यांनी त्याची नीट चौघडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. पैसे पुढे मिळाले. पण त्यानंतर पुण्यात बाहेर पडताना अण्णांनी खांद्यावर पंचा कधी घेतला नाही. घाम सदऱ्याच्या बाहीला पुसत. मी दोनदा म्हटले, "अण्णा, पंचा घ्या ना." ते म्हणाले, "राहू दे. तुझी माणसं असतात."

शिपायावर मला राग नाही. त्याला जे शिकवले गेले ते तो बोलला. शिकवणारे आपणच. आपल्यापैकी कितीजणांनी गावाहून आलेल्या वडिलांना, सासऱ्यांना स्टेशनवरच हळूच सांगितले असेल, 'तेवढा टॉवेल आत ठेवा'? भाषाशुद्धीची मला भीती नाही. शब्द येतील, जातील, भाषा त्यांना पचवील. पण ज्याच्या खांद्यावरचे वस्त्र पाहून आपण त्याला बसायला सांगायचे की उभे करायचे हे ठरवतो, तो माणूस शब्द बदलून आत येणार नाही. माझ्या स्नेह्यांची यादी उद्या सरकारने मान्य केली, तर कचेऱ्यांत साहेबाच्या खुर्चीवर 'अंगपुसणे' येईल आणि अण्णांना ते तरी कोण हात लावू देईल?

म्हणून माझे मागणे साधे आहे. शब्द राहू द्या, खुर्चीवरचा टॉवेल काढा. साहेबांना खरोखरच घाम येत असेल तर त्यांनी तो खुशाल खांद्यावर घ्यावा. आणि या दिवाळीत घरात कोणी म्हातारे माणूस खांद्यावर पंचा टाकून पाहुण्यांसमोर आले, तर त्याच्याकडे डोळे वटारू नका. पाट मांडा, फराळ द्या, आणि ओला झाला असेल तर तो पंचा आपल्या हाताने दिवाणखान्यातल्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घाला. अण्णा आता नाहीत, म्हणून हे मला माझ्या घरी करता येत नाही.

माझ्या स्नेह्यांना मी दिवाळीची भेट पाठवीत आहे: एक सोलापुरी टॉवेल आणि एक पंचा. दोन्ही वापरून पाहावे आणि मग कोणाला काय म्हणायचे ते त्यांनीच ठरवावे. टोपी मात्र मुद्दामच पाठवीत नाही. भाषेच्या नावाने ती आपण एकमेकांना आजवर पुष्कळ घातली आहे.